प्रेमाने दिलेले रोपटे

माहेरी जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये, असे आई नेहमी म्हणत असे. ती होती तोवर तिच्यासाठी काय न्यावे हा प्रश्न मला कधी पडला नाही. पुण्याची आंबाबर्फी आणि एखादे सुती पातळ एवढ्यावर ती तृप्त असे. बाबांचे तसे नाही. सदऱ्याचे कापड नेले तर ते पेटीत जाते, आणि मिठाई नेली तर ती शेजारच्या मुलांच्या हातावर जाते. २०१७ च्या मे महिन्यात त्यांना सत्तर वर्षे पूर्ण झाली, तेव्हा काय न्यावे याचा मी आठ दिवस विचार केला आणि शेवटी रस्त्यालगतच्या एका रोपवाटिकेतून कागदी लिंबाचे एक कलम घेतले. हातभर उंचीचे, कुंडीतच सहा-सात लिंबे लागलेले, असे ते देखणे कलम होते. दोन-चार पानांवर पिवळट डाग होते. मी विचारले, तर माळी म्हणाला, "खत कमी पडलंय, बाई. जमिनीत लावलं की सुधारेल."

ते कलम मी पुण्याहून बडनेऱ्यापर्यंत आगगाडीत पायाशी आणि पुढे वरूडपर्यंत एस.टी.त मांडीवर घेऊन गेले. बाबा हसून म्हणाले, "संत्र्याच्या गावाले लिंबू घेऊन आली माय!" पण हसता हसता त्यांनी फावडे घेतले आणि विहिरीजवळ, संत्र्याच्या पहिल्या ओळीच्या शेजारी, आपल्या हाताने ते लावले. मराठी शिकवणाऱ्या आपल्या मुलीने शेतीतली वस्तू आणली, याचाच त्यांना अभिमान वाटला असावा.

या लेखात मी सांगणार आहे ती त्या लिंबाची आणि त्याच्या शेजारच्या झाडाची गोष्ट. ती सांगताना मला आजही जरा जड जाते.

आमचा मुलूख सातपुड्याच्या पायथ्याचा, अमरावती जिल्ह्यातला. वरूड आणि मोर्शी हे दोन तालुके म्हणजे संत्र्याचे आगर. बाजारात ज्याला आपण नागपुरी संत्रे म्हणतो, त्यातले पुष्कळसे या बाजूने येते. घरोघरी बगिचा, आणि बगिच्यावर घराचे सारे गणित. मुलीचे लग्न आंबिया बहारावर आणि मुलाची फी मृग बहारावर. आंबिया म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा बहार. त्याची फळे दिवाळीनंतर हाती येतात. मृग म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी फुलणारा. त्याची फळे पुढच्या फेब्रुवारीपासून. झाडाला ठरावीक काळ पाणी तोडून 'ताण' द्यायचा आणि मग पाणी सोडायचे, की झाड फुलांनी भरून येते. त्याबरोबर जी कोवळी पालवी फुटते तिला आमच्याकडे 'नवती' म्हणतात. भाषेची प्राध्यापक म्हणून हा शब्द मला फार आवडतो. पण याच नवतीशी पुढे आमचे वैर जडले.

आमचा बगिचा चार एकरांचा. वीस बाय वीस फुटांवर लावलेली चारशे-सव्वाचारशे झाडे. जुना बगिचा डिंक्या रोगाने गेल्यावर बाबांनी २००५ च्या पावसाळ्यात तो नव्याने उभा केला. त्याच वर्षी माझे लग्न झाले. म्हणून विहिरीजवळच्या पहिल्या झाडाला घरात 'ताईचं झाड' असे नाव पडले. भाऊबिजेला दादा पुण्याला जी पेटी पाठवतो, तिच्यातली फळे त्याच झाडाची असायची. दिवाळीत ती पुरती पिकलेली नसत. थोडी हिरवट, थोडी आंबट. पण माझी मुले त्या पेटीची वाट फटाक्यांपेक्षा अधिक बघत.

२०२१ च्या दिवाळीत पेटी आली ती निम्मी रिकामी. वहिनीने चिठ्ठी घातली होती : "ताई, या वर्षी तुमच्या झाडाने रुसवा धरला आहे." मला वाटले, पावसाने फळे गळली असतील. पण पेटीतली चार संत्री मी हातात घेऊन पाहिली, तर ती लिंबापेक्षा थोडी मोठी, एका बाजूने फुगीर आणि दुसऱ्या बाजूने चपटी. एरवी संत्र्याला रंग चढतो तो खालच्या टोकाकडून देठाकडे. इथे देठाकडे पिवळे आणि खाली हिरवे, असे उलटे होते. एक सोलून धाकट्याला दिले. त्याने फोड तोंडातून काढून हातात ठेवली आणि म्हणाला, "आई, हे औषधासारखं लागतंय."

नाताळच्या सुटीत मी घरी गेले. ताईच्या झाडाची दक्षिणेकडची एक फांदी पिवळी पडली होती. बाकीचे झाड हिरवेगार. लिंबाचीही तीच तऱ्हा. ओळीतल्या आणखी काही झाडांच्या शेंड्यांवर तसाच पिवळा हात फिरला होता. बाबांनी जस्ताची फवारणी केली होती, शेणखत घातले होते, आळी उकरून मुळे पाहिली होती. संत्र्याला पिवळेपणा आणणाऱ्या गोष्टी पुष्कळ : जस्त कमी पडते, मुळे कुजतात, पाणी साचते. म्हणून प्रत्येक पिवळ्या पानाला घाबरायचे नसते. पण या वेळी उपाय लागू पडत नव्हता. शेवटी दादाने नागपूरला, अमरावती रस्त्यावर जी केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, तिथे जाऊन विचारले, आणि काही दिवसांनी एक तज्ज्ञ आमच्या बगिच्यात आले.

त्यांनी खिशातले बॉलपेन काढले. ताईच्या झाडाचे एक पान तळहातावर ठेवले, मधल्या शिरेच्या डावीकडे एक गोल काढला आणि उजवीकडे, अगदी समोरासमोर, दुसरा गोल. मग मला म्हणाले, "मॅडम, आता सांगा, दोन्ही गोलांच्या आतला रंग सारखा आहे का?"

सारखा नव्हता. डावा पिवळा, तर उजवा हिरवा. पुढच्या पानावर त्याच्या उलट. "जस्त कमी पडलं की पान दोन्ही बाजूंनी सारखं पिवळं होतं, आरशात पाहिल्यासारखं," ते म्हणाले. "या रोगात पिवळेपणाला हिशेब नसतो. डावीकडे एक ठिगळ, उजवीकडे दुसरं." मग त्यांनी फळ उभे कापले. मधला कणा सरळ असायचा तो धनुष्यासारखा वाकलेला, आणि बिया काळपट, पोचट. "तरी खात्री प्रयोगशाळेतच होईल," असे सांगून त्यांनी पानांचे नमुने घेतले. काही दिवसांनी निकाल आला. अकरा झाडांत रोग सापडला. माझ्या लिंबातही सापडला.

या रोगाला इंग्रजीत 'ग्रीनिंग' म्हणतात, कारण फळ पिकले तरी खालून हिरवेच राहते. चीनमध्ये त्याला 'ह्वांगलोंगबिंग' म्हणतात. 'ह्वांग' म्हणजे पिवळा आणि 'बिंग' म्हणजे रोग. 'लोंग'चा नेहमीचा अर्थ ड्रॅगन. पण चीनच्या दक्षिणेकडल्या बोलीत तो कोवळ्या शेंड्यालाही म्हणतात, असे जाणकार सांगतात. हिरव्या बागेत एकच पिवळा शेंडा दिसला की चिनी बागायतदाराच्या पोटात गोळा उठे. हा रोग जमिनीतून येत नसून कलमातून एका झाडाचा दुसऱ्याला लागतो, हे लिन कुंगश्यांग या चिनी शास्त्रज्ञाने दाखवून दिले. त्यांचे काम १९५६ साली प्रसिद्ध झाले.

आपल्याकडेही संत्र्या-मोसंबीची झाडे शेंड्याकडून वाळत जाण्याचे दुखणे जुनेच. कुणी जमिनीला दोष देई, कुणी खताला, कुणी पाण्याला. १९६० नंतरच्या वर्षांत भारतीय आणि ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी मिळून देशातल्या बागा पाहिल्या आणि या दुखण्यामागे बहुधा ग्रीनिंगच आहे, असे १९६६ साली मांडले. आणि गंमत पाहा, हा रोग आपल्याकडे कोणती कीड पसरवते, हे १९६७ साली प्रसिद्ध केले ते आमच्या पुण्यातच काम करणाऱ्या एस. पी. कपूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. मी ज्या शहरातून ते कलम नेले, त्याच शहरात पन्नास वर्षांपूर्वी हे ज्ञान तयार झालेले होते. मला मात्र त्याचा गंधही नव्हता.

ही कीड म्हणजे सायला. आकाराने तिळाएवढी, करड्या-तपकिरी ठिपक्यांची. तिची ओळख पटवायची खूण एकच : ती पानावर सरळ बसत नाही. डोके खाली आणि शेपटाकडचा भाग वर उचललेला, जणू शीर्षासनाच्या तयारीत आहे. पंजाबातल्या लायलपूर येथे हुसेन आणि नाथ या दोघा कीटकशास्त्रज्ञांनी १९२७ सालीच तिचे सगळे चरित्र लिहून ठेवले आहे. मादी अंडी घालते ती फक्त कोवळ्या नवतीत, आणि आयुष्यात आठशेपर्यंत घालू शकते. पिल्ले पिवळसर असतात, रस शोषतात आणि मागे पांढऱ्या मेणाचे दोरे सोडतात. वर्षातून जितक्या वेळा झाडाला नवती, तितक्या वेळा सायलाची दिवाळी. आमच्याकडे असे तीन मोसम : फेब्रुवारी-मार्च, जून-जुलै आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर.

पण खरा मारेकरी सायला नाही; ती केवळ वाहन. तिच्या पोटातून येतो तो एक जंतू. झाडात पाने अन्न तयार करतात आणि सालीखालच्या बारीक नळ्यांतून ते मुळांपर्यंत पोचते. हा जंतू नेमका त्या नळ्यांत बसतो. नळ्या तुंबतात. पानात अन्न साठून राहते आणि मुळे उपाशी मरतात. भरल्या घरात म्हातारी आई उपाशी राहावी, तसा हा प्रकार. फ्रान्समधल्या संशोधकांनी १९७० साली तो सूक्ष्मदर्शकातून पाहिला. पुढे त्याला 'लिबेरिबॅक्टर' असे नाव मिळाले; लॅटिनमध्ये 'लिबेर' म्हणजे आतली साल. मात्र त्या नावाआधी 'कँडिडेटस', म्हणजे 'उमेदवार', हा शब्द लावतात. कारण हा जंतू प्रयोगशाळेत बशीत वाढवून दाखवता येत नाही, तोवर त्याची नेमणूक कायम होत नाही. आमच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या तरुण मंडळींची मला इथे आठवण झाली. पण विनोद पुरे.

सगळ्यात घातक गोष्ट अशी की, जंतू शिरल्यावर कित्येक महिने, कधी कधी काही वर्षेही, झाड निरोगी दिसत राहते. तेवढ्या काळात त्यावर वाढलेली सायलाची पिल्ले जंतू पोटात घेतात, पंख फुटले की उडतात आणि आयुष्यभर तो वाटत फिरतात. आणि एकदा झाडाला रोग लागला की त्याला खात्रीने पूर्ण बरे करणारे औषध आजही नाही.

"मग उपाय?" बाबांनी विचारले.

तज्ज्ञांनी तीन बोटे पुढे केली. पहिले, रोगी झाड काढून टाकायचे. दुसरे, नवती फुटते त्या वेळी सायला आवरायची, आणि तीही एकट्याने नव्हे, सगळ्या शिवाराने एकाच वेळी. तिसरे, नवे कलम लावायचे ते रोगमुक्त असल्याची खात्री असलेलेच.

दुसऱ्या आणि तिसऱ्या बोटाला बाबांनी मान डोलावली. पहिले बोट त्यांना दिसलेच नाही.

तज्ज्ञ गेल्यावर घरात जी शांतता पसरली, ती मला अजून आठवते. रात्री जेवताना दादाने विषय काढला. बाबा म्हणाले, "झाड हिरवं हाय. एक फांदी पिवळी हाय, ते फांदी छाटू. अर्ध्या जित्या झाडाले कायले मारता?" दादा म्हणाला, फांदी छाटून काही होत नाही, जंतू साऱ्या झाडात असतो. बाबांनी पाण्याचा तांब्या पालथा घातला आणि उठून गेले.

माझी स्थिती वेगळीच होती. मी दुसऱ्याच दिवशी त्या तज्ज्ञांना फोन करून विचारले, "हा रोग माझ्या लिंबामुळेच आला का?" ते गृहस्थ भले होते. म्हणाले, "मॅडम, तसं छातीठोक सांगता येणार नाही. सायला तुमच्या भागात पूर्वीपासून आहे. रोगही अधूनमधून सापडतो. लिंबाकडून संत्र्याला गेला की संत्र्याकडून लिंबाला आला, हे आता शोधता येत नाही. पण एक सांगतो. सायला या ओळीतून त्या ओळीत, फार तर पलीकडच्या शिवारात नेते. पुण्याहून वरूडला नेतो तो माणूसच."

हे वाक्य मी विसरलेली नाही. शेकडो मैल मांडीवर घेऊन जाणारी सायला मी नव्हे कशावरून?

बाबांचे मन वळले ते आमच्या बोलण्याने नव्हे. आमच्या धुऱ्यापलीकडे एका तरुण शेतकऱ्याचे वावर आहे. बाप वारल्यावर त्याने कर्ज काढून त्या पावसाळ्यात दोनशे कलमे लावली होती. एका सकाळी तो बाबांकडे आला आणि नमस्कार करून म्हणाला, "काका, तुमच्या बगिच्यात कोणता रोग निघाला म्हणतात. माह्या झाडायले त काही होणार नाही ना?" बाबांनी त्याला चहा पाजला, धीर दिला आणि वाटेला लावले. मग बराच वेळ ते विहिरीच्या काठावर बसून होते. दुपारी दादाला म्हणाले, "लोकाच्या पोराचा बगिचा आपल्यापायी मरू नये. तोडून टाका."

तोडण्याचीही एक रीत असते, हे तेव्हा कळले. आधी झाडावर फवारणी करायची. नाहीतर झाड पडताच त्यावरची सायला उडून शेजाऱ्याकडे जाते. मग झाड बुंध्याशी कापून भागत नाही. खुंटही मुळासकट काढावा लागतो, कारण खुंटाला पुन्हा धुमारे फुटले तर रोगी नवती तयार. लाकूड मात्र वाळले की निर्धोक, चुलीला चालते. अकरा संत्री आणि एक लिंबू. ताईच्या झाडावर पहिला घाव बाबांनी स्वतः घातला, आणि मग कुऱ्हाड दादाच्या हातात देऊन ते घरी निघून गेले. लिंबाचे झाड मी सांगितले म्हणून माझ्यासमोर काढले. त्याच्या कोवळ्या शेंड्यावर तिळाएवढे तीन जीव शेपूट वर करून बसलेले होते.

वाचकहो, आपल्या चार एकरांतल्या बारा झाडांचे मी इतके रडगाणे गाते, असे वाटेल. म्हणून अमेरिकेतल्या फ्लोरिडाची कथा सांगते. आपण डब्यातून जो संत्र्याचा रस पितो, त्यात एके काळी या प्रांताचे नाव मोठे होते. तिथे सायला सापडली १९९८ मध्ये. रोग सापडला २००५ मध्ये. त्याआधी, २००३-०४ च्या हंगामात, फ्लोरिडाने २४ कोटी २० लाख पेट्या संत्री काढली होती. त्यांची एक पेटी सुमारे ४१ किलोची. २०२४-२५ च्या हंगामात हा आकडा १ कोटी २० लाखांच्या आसपास आला. मध्ये चक्रीवादळे आली हे खरे, पण मुख्य घाव या रोगाचाच. विसाव्या हिश्शावर आलेले हे पीक म्हणजे बंद पडलेले रसाचे कारखाने आणि विकलेल्या बागा. झाडाच्या खोडात प्रतिजैविकाची सुई टोचण्यापर्यंत तिथे मजल गेली आहे. त्याने झाड थोडे सावरते. रोग मुळासकट जात नाही.

कॅलिफोर्नियाने फ्लोरिडावरून धडा घेतला. तिथे पहिले रोगी झाड २०१२ साली सापडले ते कुठल्या मळ्यात नव्हे, तर लॉस एंजल्सच्या उपनगरात एका घराच्या परसात. त्यानंतरही तिथे जी हजारो रोगी झाडे सापडली, ती बहुतेक सगळी घरांच्या परसातलीच. म्हणजे लढाई शेतकऱ्याची आहे, पण चोरवाट शहरातल्या घरांतून आहे.

माझी चुलत बहीण त्याच भागात राहते. तीन वर्षांपूर्वी ती भारतातून परतताना काकूने तिच्या बॅगेत ताजा कढीपत्ता बांधून दिला होता. तिथल्या विमानतळावर तो काढून घेतला गेला. तिने फोनवर मला चिडून सांगितले, "ताई, चार पानं कढीपत्त्याची! त्यात काय बॉम्ब होता?" पूर्वी मीही तिच्याबरोबर चिडले असते. आता मी तिला समजावून सांगितले. कढीपत्ता हा संत्र्या-लिंबाच्याच कुळातला. त्याच्या कोवळ्या पानांवर सायला आनंदाने अंडी घालते. हा जंतू कढीपत्त्यात मूळ धरत नाही, असे अभ्यासात दिसले आहे. पण जंतू पोटात असलेली सायला त्याच्या जुडीत बसून कुठेही जाऊ शकते. आपल्या बंगल्यांच्या कुंपणाला लावतात ती पांढऱ्या सुवासिक फुलांची कुंती, तीही याच कुळातली. तिच्यावर तर सायलाही वाढते आणि तिच्यात जंतूही राहू शकतो. बहीण थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मग आईला सांगते, यापुढे मेतकूटच दे."

निसर्गानेही या किडीला वैरी दिला आहे, हे सांगितले नाही तर चित्र फार काळे होईल. 'टॅमॅरिक्सिया' नावाची एक इवलीशी गांधीलमाशी आहे. इतकी लहान की तिचा आपल्याला उपद्रव नाही. ती सायलाच्या पिल्लाच्या पोटाखाली अंडे घालते आणि तिची अळी पिल्लाला खालून, बाहेरूनच चिकटून शोषून टाकते. ही माशी मूळची आपल्या उपखंडातली. हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावर १९७८ मध्ये ती सोडली आणि तिथे सायला चांगलीच आटोक्यात आली. कॅलिफोर्नियानेही पाकिस्तानातल्या पंजाबातून ती नेऊन २०११ पासून सोडायला सुरुवात केली. ढालकिडेही सायलाची पिल्ले खातात. पण मुंग्या सायलाच्या पिल्लांच्या गोड पाझरासाठी त्यांची राखण करतात, आणि आपण वेळी-अवेळी जहाल औषधे मारली की मित्र आधी मरतात. म्हणून दादा आता नवती पाहून, सल्ला घेऊन फवारतो, आणि फुलोऱ्यात मधमाश्या असताना हात आवरतो.

२०२२ च्या पावसाळ्यात रिकाम्या झालेल्या अकरा जागी आम्ही नवी कलमे लावली. ती आणायला मी मुद्दाम दादाबरोबर गेले. रोगमुक्त कलमे कशी तयार होतात ते ऐकून मी थक्क झाले. चांगल्या झाडाच्या कोवळ्या शेंड्याचे अगदी टोक, मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढे, घेतात. तिथवर रोग सहसा पोचलेला नसतो. ते टोक काचेच्या नळीत वाढवलेल्या एवढ्याशा रोपावर भिंगाखाली बसवतात. त्यातून तयार झालेले झाड तपासून, किडीला शिरता येणार नाही अशा जाळीच्या घरात ठेवतात, आणि त्याचे डोळे जंभेरीच्या किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर भरून पुढची कलमे होतात. अशा कलमाला चार पैसे जास्त पडतात. आमच्याकडचा शेतकरी तिथे घासाघीस करतो आणि स्वस्त कलम घेतो. आणि पाच वर्षांनी, फळे यायच्या वेळी, त्याला त्या चार पैशांचा खरा हिशेब कळतो.

आता तुम्ही म्हणाल, आमचा ना बगिचा ना वावर. दोन खोल्यांच्या घरात आम्ही काय करणार? पुष्कळ करता येईल. गॅलरीत लिंबाची कुंडी असेल, कढीपत्ता असेल, सोसायटीच्या कुंपणाला कुंती असेल, तर आठवड्यातून एकदा कोवळे पान उलटून पाहा. शेपूट वर करून बसलेला तीळ किंवा पांढरे मेणाचे दोरे दिसले, तर तो शेंडा खुडून पिशवीत बांधून टाका. निंबतेलाची फवारणी करा. लिंबाच्या पानावर बेहिशेबी पिवळी ठिगळे दिसली, तर बॉलपेनने दोन गोल काढून पाहा. आणि मुख्य म्हणजे, लिंबू, संत्रे, मोसंबी, कुंती यांचे रोप किंवा फांदी प्रेमापोटी गावाकडे नेऊ नका. न्यायचेच असेल तर खात्रीच्या रोपवाटिकेतून, तपासलेले, तिकडच्या तिकडे घ्या. प्रेम करायला हरकत नाही; ते आंधळे नसावे, इतकेच.

त्या तरुण शेजाऱ्याच्या दोनशे झाडांना २०२५ च्या पावसाळ्यापर्यंत तरी काही झालेले नाही. आमच्या शिवारातली नऊ घरे आता ठरवून एकाच आठवड्यात फवारणी करतात. मधल्या काळात आमची आणखी दोन झाडे रोगी निघाली, आणि ती बाबांनी कुणी न सांगता काढायला लावली. विहिरीजवळच्या नव्या कलमाला अजून फळ यायचे आहे. त्यालाही घरात ताईचे झाड म्हणतात की काय, हे विचारण्याचे धाडस मी केलेले नाही. भाऊबिजेची पेटी येते. तिच्यातली फळे आता दुसऱ्या ओळीतली असतात.

बाबांची नजर आता अधू झाली आहे. तरी काठी टेकत ते रोज सकाळी बगिच्यात जातात आणि कोवळे पान डोळ्यांजवळ धरून उलटून पाहतात. मागच्या महिन्यात फोनवर म्हणाले, "तीळ हाय का सायला हाय, आता मले समजत नाही व माय."

या दिवाळीत माहेरी जाताना काय न्यावे हा प्रश्न मला पडलेला नाही. बाबांसाठी मी एक चांगले, मुठीचे भिंग घेतले आहे.